साडेआठ मिलिमीटरचे पेढे

डहाणू रोडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आमच्या शेजाऱ्यांइतका मापाचा माणूस झाला नाही, आणि मापाने इतका फसवलेला माणूसही झाला नाही. ते रुळांचे इन्स्पेक्टर. दोन मिलिमीटरचा फरक राहिला तर त्यांना अन्न गोड लागत नसे. खिशातली पोलादी पट्टी घरीही सुटायची नाही. आशागडच्या एका लग्नात अंतरपाट एका बाजूने उतरलाय म्हणून त्यांनी मंगलाष्टकं थांबवली होती. मुहूर्त टळायला लागला तेव्हा नवरीचा मामा अंगावर धावून गेला.

त्यांच्या स्वतःच्या लग्नाला अकरा वर्षं होऊन मूल नव्हतं. नव्वदनंतर केव्हातरी मुंबईला उपचार सुरू झाले आणि नेमके डॉक्टरही मिलिमीटरमध्येच बोलू लागले. गर्भाशयाचं आतलं अस्तर आठाच्या आसपास गेलं की बाहेर तयार केलेला गर्भ आत सोडायचा. वहिनींचं सहावरच अडलेलं. तीनदा गोळ्या, तीनदा सोनोग्राफी, तीनदा हात हलवत परत. "अस्तर पातळ असलं तर गर्भ रुजणं कठीण, पण जाड झालं म्हणून रुजेलच असंही नाही," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. यांनी त्यातलं अर्धंच ऐकलं. मग घरात खजूर, बीट आणि डिंकाच्या लाडवांचा मारा सुरू झाला. वहिनी बिचाऱ्या मुकाट्याने खात. "दोनच मिलिमीटर हो," ते मला सांगत, "रुळातला तेवढा फरक मी रातोरात काढतो, त्यापायी आजवर एक गाडी अडू दिली नाही."

चौथ्या खेपेला साडेआठ भरलं. गर्भ सोडला, आणि दुसऱ्याच दिवशी हे पेढ्यांचा पुडा घेऊन दारोदार. समोरच्या गुजराती बेनने हात पुसत विचारलं, "बाबो के बेबी?"

"साडेआठ मिलिमीटर," हे म्हणाले.

आम्ही पोट धरधरून हसलो. मी तर दोन पेढे खाल्ले.

पंधरा दिवसांनी तपासणी झाली. रुजलं नव्हतं. संध्याकाळी ते आमच्या दारात आले, बसले नाहीत. "डॉक्टर म्हणतात, काहीच चुकलं नाही. चूक सापडली असती तर दुरुस्त केली असती हो मी." मग खाली बघत म्हणाले, "आणि माझ्या पेढ्यांमुळे तिला बाहेर पडता येत नाही. जो तो विचारतो."

 

त्यांनी बदली मागून घेतली. सामान गेल्यावर वहिनी किल्ली द्यायला आल्या. मी पेढ्यांवर हसल्याची माफी मागायला लागलो, तर त्यांनीच मला थांबवलं.

"असू दे, भाऊजी. अकरा वर्षांत पेढे वाटायला तेवढंच एक निमित्त मिळालं आम्हाला. ह्यांनी वाटून घेतले, बरं झालं."