इंजिनाखालचं चौथं रबर

चौथ्या रबराचा नट मी आवळला नव्हता. हे मी मनाशी इतक्या वेळा म्हटलं आहे की आता लिहिताना हात अडत नाही. पण ज्याच्यासमोर ते त्याच दिवशी म्हणायला हवं होतं, त्याच्यासमोर मी म्हटलं नाही. उलट दुसरंच एक वाक्य बोललो. ते वाक्य खरं होतं, आणि त्यामुळेच माझं खोटं पचलं.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपून वर्ष उलटलं होतं. नेवाशाच्या अलीकडे एका बड्या बागाईतदारांनी सरकारने विकायला काढलेलं एक लहान विमान घेतलं होतं. दोघांपुरतं, कापडी पंखांचं. चालवत मालक स्वतःच. गावाबाहेरचा मुरमाड माळ त्यांनी सपाट करून घेतला होता, कडेला पत्र्याची शेड बांधली होती, आणि त्या शेडमध्ये आम्ही दोघे कामाला होतो. मी चाळिशीला टेकलेला, लढाईत विमानांचा फिटर होतो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी. दुसरा घोडेगावकडच्या शेतकरी घरातला, माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहान, लष्कराच्या ट्रकांवर हात बसलेला. तो मला ‘भटजी’ म्हणायचा आणि मी त्याला ‘पाटील’, जरी त्याच्या घरात पाटीलकी कधीच नव्हती.

त्या शेडमधले दिवस मला अजून हवेसे वाटतात. दुपारी पत्रा तापून तडतड वाजायचा, तेलाचा वास कपड्यांत मुरायचा, आणि तो दाराशी उकिडवा बसून माझ्या डब्यातलं लोणचं खात आकाशाकडे बघत बसायचा.

“भटजी, वर गेल्यावर परवरासंगम कसा दिसत आसंल रं?”

“पाण्यासारखा.”

“तुला इचारलं हेच चुकलं. गोदा येगळ्या रंगाची, परवरा येगळ्या. वरनं बघितलं की ती रेघ दिसंल का न्हाई? मला ती बघायची हाय.”

मालकांनी त्याला शब्द दिला होता: दसऱ्याच्या दिवशी पहिली फेरी मी एकटा मारून येतो, दुसऱ्या फेरीत पुढच्या जागेवर तू, आणि तिथून तुझं शिकणं सुरू. त्या वर्षी मालकांना सीमोल्लंघन विमानातून करायचं होतं. पालखी शिवेकडे निघण्याआधी आपण शीव वरून ओलांडायची, अशी त्यांची हौस. पाहुण्यांना आमंत्रणं गेली होती.

पण विमान थरथरत होतं. इंजिन ज्या चार जाड रबरी गुटक्यांवर बसतं, ते तेल पिऊन फुगले होते, भेगाळले होते. इंजिन पुढून खाली झुकलं होतं, आणि विमान वळवायच्या दांड्यातून मालकांच्या हाताला मुंग्या यायच्या. नवी रबरं मुंबईहून पार्सलने आली ती अष्टमीच्या दिवशी. आम्ही तीन वाशांची तिकटी उभी केली, साखळीच्या कप्पीने इंजिन तोललं, आणि एकेक कोपरा सोडवत चारही रबरं बदलली. नट मात्र हातानेच फिरवून ठेवले. इंजिनाचं वजन रबरांवर पडून ती जरा बसली, की मगच शेवटचं आवळायचं असतं.

दुसरा दिवस खंडेनवमीचा. मी सकाळीच पाने, हातोड्या, पकडी धुऊन पुसून घोंगडीवर मांडल्या, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. तो आला तो डोक्याला हात लावून उभा राहिला.

“आरं, आदी नट आवळायचे, मंग हत्यारं पुजायची. आता पाना कसा उचलायचा?”

“हळद लागली. आता उद्या पूजा उतरल्यावरच.”

“आन्‌ तवर इंजान काय तुझ्या मंत्रांवर टांगून ऱ्हाईल व्हय?”

दोघेही हसलो. उद्याची सकाळ आहे ना, असं मीच म्हणालो.

दसऱ्याला पूजा उतरवून मी विमानाखाली पाठीवर आडवा झालो. आमची रीत ठरलेली होती: मी नट आवळायचा, त्याने त्यात कॉटर पिन घालायची, म्हणजे नट फिरून सुटत नाही. तीन झाले. चौथा मागच्या अंगाला, इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्यालगत. तिथे पाना जेमतेम करंगळीएवढा फिरायचा. तेवढ्यात मालकांची हाक आली.

“अहो, पूजा कोण सांगणार? पाहुणे खोळंबलेत!”

विमानाची पूजा मीच सांगणार होतो. घरातली भिक्षुकी मी सोडली होती, पण नगरहून आलेल्या पाहुण्यांसमोर खड्या आवाजात मंत्र म्हणायची संधी मला सोडवेना. मी हात पुसत बाहेर आलो.

“समदे आवळलेस?” त्याने विचारलं.

“हो हो, पिना घाल,” मी म्हणालो.

पूजेनंतर येऊन बघू, असं मनात होतं. पूजा लांबली. पाहुण्यांनी उच्चारांची तारीफ केली. मी विसरलो. त्याने पिना घालून इंजिनावरचं झाकण बसवलं, धुतलेला सदरा अंगात घातला आणि आपल्या फेरीची वाट पाहत शेडच्या सावलीत उभा राहिला.

विमान शीव ओलांडून वळलं आणि त्याचा आवाज बदलला. इंजिन हादरताना आम्हाला खालून दिसत होतं. मालकांनी ते बंद केलं आणि कापणी झालेल्या बाजरीच्या रानात विमान उतरवलं. चाक बांधावर आदळलं, एक पंख मोडला, मालकांच्या कपाळाला खोक पडली. आम्ही धावत पोचलो तेव्हा ते रुमाल दाबून उभे होते. झाकण काढलं. चौथं रबर फाटलं होतं. पिन जागेवर होती, पण नट बोटाने हलत होता.

“हे कुणाचं काम?”

मला त्या क्षणी सगळं आठवलं. पण माझ्याआधी तोच बोलला.

“मालक, पिनीचं भोक खाचंसमूर येत न्हवतं. म्या नट जरासा मागं घेतला आसंल. ध्यानात न्हाई.”

बोल्टाचं भोक नटाच्या खाचेसमोर आलं नाही, तर नट आणखी आवळून जुळवायचा, सैल करून कधीच नाही. हे मी त्याला अनेकदा शिकवलं होतं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हणालो, “नट मागे घ्यायचा नसतो. मी त्याला सांगितलं होतं.”

एवढंच. मालकांनी त्याला तिथेच सांगितलं, पुन्हा माळावर दिसू नकोस. तो सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसत बांधाबांधाने निघून गेला. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिलो. हाक मारली असती तर पोचली असती.

विमान दुरुस्त झालं. मालक मला फार मानू लागले होते, म्हणून एकदा त्यांनी मलाच पुढच्या जागेवर बसवलं आणि संगमावर नेलं. खाली दोन नद्या एकमेकींत शिरत होत्या. त्यांच्यामध्ये रेघ होती. एका बाजूला गढूळ, दुसऱ्या बाजूला हिरवट, आणि बरंच अंतर ती तशीच वाहत गेली होती. हे ज्याला सांगायचं, तो आता माळावर नव्हता. उतरल्यावर मालकांनी विचारलं, “काय, कसं वाटलं?” मी म्हणालो, “छान.” शेडमध्ये आलो, डबा उघडला, लोणचं तसंच ठेवलं.

घोडेगाव काही परमुलखात नव्हतं. सायकलने जाण्यासारखं. बाजाराच्या दिवशी मी दोनदा निघालो आणि वाटेतून परत फिरलो. असे तीन दसरे गेले. मालकांनी विमान विकलं. एका सकाळी मी त्यांना सगळं खरं सांगितलं. ते पानाचा देठ खुडत म्हणाले, “मला कशाला सांगता? माझं विमान दुरुस्त झालं, काम गेलं ते त्याचं. त्याला सांगा.”

त्याच दिवशी घोडेगावचा बाजार होता, मी गेलो. जनावरांच्या बाजारात तो एका खोंडाचे दात बघत होता. मला पाहून हसला.

“आरं भटजी! बैल घेतूस का काय? तुझ्या मंत्रानं वढंल का गाडी?”

कडेला नेऊन मी त्याला सांगितलं. चौथ्या नटाला मी पाना लावलाच नव्हता. तू मागे घेतला असतास तरी काही फरक पडला नसता, तो आधीच सैल होता. तू विचारलंस आणि मी खोटं बोललो. नंतर मालकांसमोर पुन्हा तुझ्यावर लोटलं.

तो खोंडाची वेसण हातात धरून ऐकत होता. हसू केव्हाच गेलं होतं.

“म्हंजी माजा हात खोटा न्हवता?”

“नव्हता.”

“आमच्या गावात पानी उपसायची इंजनं आली. लोकं बोलवाया येत्यात. म्या येकालाबी हात लावला न्हाई. म्हनायचो, माज्या हातानं मानूस मरता मरता ऱ्हायलं. तीन वरसं, भटजी. तुला येक दिस यिऊन सांगाया काय झालं हुतं?”

तिथे कारणं सांगत बसणं म्हणजे आणखी एक लबाडी झाली असती. आसपास लोक होते, दलाल ओरडत होते. मी डोक्यावरची टोपी काढली आणि वाकून त्याच्या पायांना हात लावला. तो “आरं, आरं, बामना” करत मागे सरकला. मी म्हणालो, “चूक माझी होती. भोगलीस तू. मला भीती वाटली, आणि माझी भीती मी तुझ्या माथी मारली. मला माफ कर.”