कपबशीचं दुसरं मतदान

दिवाळी सरली की पुसदकडच्या त्या तांड्यात घराघरांना कुलपं लागतात. धडधाकट माणसं सांगलीकडे ऊसतोडीला जातात. मागे म्हातारी, शेळ्या आणि काही लेकरं उरतात.

जमनीबाई सात वर्षांची असताना अशीच गेली होती. ऊस तोडायला नव्हे, फडाच्या बांधावर धाकट्या भावाला सांभाळायला. भाऊ चालायला लागला तोवर तिसरं भावंड आलं, आणि ते मोठं झालं तोवर तिच्या हातात कोयता आला. शाळा राहिली ती राहिलीच. पंचावन्नाव्या वर्षी तिने कोयता ठेवला तो नातीसाठी. प्रियंका तिसरीत होती. जमनीबाईने मुलाला, लखनला, सांगून टाकलं, "हे पोरगी फडात येनार नाई. मी राहीन तिच्यापाशी."

पण सगळ्याच लेकरांना आजी नसते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तांड्याच्या शाळेत हंगामी वसतिगृह चालायचं. दोन वेळचं जेवण, झोपायला सतरंजी. मग ते बंद पडलं. ग्रामपंचायतीचा ठराव गेला नाही, एवढंच कळलं. जमनीबाई दोनदा विचारायला गेली. दुसऱ्या खेपेला शिपायाने विचारलं, "बाई, तुमी कोन? मेंबर हाय का?"

म्हणून ती मेंबरकीला उभी राहिली. चिन्ह मिळालं कपबशी.

प्रचार केला प्रियंकाने. घरातली कान तुटलेली कपबशी घेऊन ती दारोदार फिरली. "नाव वाचत बसू नोका. हे दिसलं का बटन दाबा." सत्तरीच्या धनीबाईकडून तर तिने तीन वेळा म्हणवून घेतलं.

"हाव वं मास्तरीन," धनीबाई म्हणाली. "पन रिकामीच कपबशी दाखवून राह्यली. चहा कधी?"

मतदानाला फडावरून ट्रक भरून माणसं आली. मुकादम भीमसिंग नात्यातला, म्हणून त्याने तीन दिवस सोडली. डिझेलला प्रत्येक घराने पैसे घातले. सकाळी साडेदहापर्यंत त्रेचाळीस जणांनी कपबशी दाबली. चव्वेचाळिसावी बबिता, जमनीबाईची सून. ती सातवी शिकलेली. बटण न दाबताच तिने ओरडून साहेबाला बोलावलं. यंत्रावर कपबशीसमोर नाव होतं विजयमालाचं, गावातल्या दुसऱ्या उमेदवाराचं. जमनीबाईच्या नावासमोर शिट्टी होती.

साहेबाने कागद पाहिले, फोन केले, रुमालाने मान पुसली आणि मतदान थांबवलं. "छपाईत अदलाबदल झाली. पंधरा दिवसांनी पुन्हा मतदान होईल."

"अन हे मानसं?" जमनीबाईने विचारलं. "सांगलीहून आले. याह्यचं भाडं, बुडालेला रोज, कोन भरून देते?"

"तशी तरतूद नाही, मावशी."

"तुमाले त दुसऱ्या खेपेचा भत्ता भेटन ना?" धनीबाई मधेच बोलली.

"तो नियमाप्रमाणं मिळतो."

"मंग आमचा नियम कोन्या कपाटात हाय, ते पाहा ना बाप्पा."

माणसं हसली. साहेबही हसला. हसून झाल्यावर ट्रक परत गेला.

आठवड्याने लखनचा फोन आला. "याडी, भीमसिंगकाका पुन्हा सोडतो म्हन्ते. पन साऱ्या खाड्यायचा ऊस भरून द्या म्हन्ते. अन बबिताले आयुषपाई घडीघडी उठा लागते." आयुष सात महिन्यांचा. बबिताने त्याच्या हातून फोन घेतला.

"प्रियंका त्याच्यापाशी बसली त मी पुरा कोयता चालवीन. येतो तवा तिले घेऊन जातो."

"अन तुमी आलेच नाई त?"

"आमी नाई आलो त बाकीचेबी येत नाईत. त तुमी पडता."

ती पडली तर वसतिगृह नाही. यंदा नाही, पुढल्या वर्षीही नाही. तांड्यात शाळेतली एकवीस लेकरं. प्रियंका एक. तव्यावरची भाकर जळल्याचा वास आला तेव्हा जमनीबाईने तवा खाली उतरवला.

"या," ती म्हणाली.

दुसऱ्या मतदानाला मधल्या बोटाला शाई लावली, कारण पहिल्या बोटावरची अजून गेली नव्हती. संध्याकाळ व्हायच्या आत ट्रक निघाला. जमनीबाईने प्रियंकाच्या पिशवीत शाळेचा धुतलेला गणवेश घातला.

"तिथं कायले हा?" बबिताने विचारलं.

"राहू दे."

प्रियंका रडली नाही. ट्रकच्या फळीला हात लावून ती उभी राहिली. "दादी, मी साऱ्यायले चुकीचं शिकवलं म्हनून पाठवून राह्यली का?"

"नाई वं माय. चूक साहेबायची होती."

"मंग?"

जमनीबाईने तिची वेणी सोडली आणि पुन्हा घातली. तोवर लखनने पोरीला वर उचलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. जमनीबाई नऊ मतांनी निवडून आली. पहिल्याच सभेत तिने ठराव करून घेतला, आणि जानेवारीच्या अखेरीस वसतिगृह सुरू झालं. पहिल्या दिवशी वरण तिनेच वाढलं. फडावरून परत आणलेली धरून पंगतीत वीस लेकरं होती. एका लहानग्याने विचारलं, "प्रियंकाची सतरंजी मी घेऊ का?" ती "घे" म्हणाली.

त्या आठवड्यात प्रियंकाचा फोन आला. मागे आयुष रडत होता.

"दादी, आता मी बराबर शिकवीन. नाव पन वाचून दाखवीन साऱ्यायले. मले बलाव ना."

"बलावतो वं. हंगाम सरला का बलावतो."

हंगाम सरायला अजून तीन महिने होते. शाळा सुटायलाही तेवढेच.