खुर्चीतले केस

शेळगावची द्वारकाबाई म्हणजे संशयाचं गाठोडं. दुकानातनं मीठ आणलं तरी चाळून घेणार, नवी उशी आणली तर उसवून आत बघणार. नवरा दत्तोबा, त्यानं तर तिच्यापुढं कधीच हात टेकले होते. साऱ्या गावात एकाच माणसाच्या हातचं ती न बघता खायची. ती म्हणजे थोरली जाऊ सारजा. लेक मुक्ता झाली तेव्हा द्वारकाबाई तीन महिने अंथरुणाला खिळलेली, आणि लेकरू सारजानंच सांभाळलेलं.

सारजाचा भाऊ बारामतीला कालव्याच्या साहेबाच्या बंगल्यावर कामाला होता. साहेबाची बदली झाली, जाताना जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्या त्याला देऊन गेला. सारजानं त्या बैलगाडीतनं आणून जावेच्या दारात उतरवल्या.

"मुक्तीला बघाया येतील, त्यास्नी बसाया व्हतील," ती म्हणाली.

बसायच्या गाद्या तेवढ्या फाटल्या होत्या. त्या घरीच मढवाव्यात म्हणून द्वारकाबाईनं दुपारी खुर्ची ओसरीवर उलटी घातली, विळ्याच्या टोकानं चुका उपसल्या आणि कापड ओढलं. आत काळ्या, कुरळ्या केसांचा पुंजका. दुसरी उसवली, तिच्यात तेच. चारीत तेच!

वर्षात मुक्तीच्या दोन सोयरिकी मोडल्या होत्या. सारजाला पोटी मूल नव्हतं. झालं, बाईच्या डोक्यात करणी शिरली ती शिरलीच. केस उकिरड्यावर फेकून ती तडक विहिरीवर गेली आणि पाणी भरणाऱ्या सारजावर चार बायकांत तोंड सोडलं.

"तुजं घर रिकामं म्हणून माज्या लेकीवर केस घातलंस व्हय?"

सारजानं घागर खाली ठेवली आणि ती घरी गेली. घागर तिथंच राहिली.

संध्याकाळी टांगेवाला म्हस्कू उकिरड्यावरनं येताना हातात तो पुंजका घेऊन आला. "वैनी, येवढा चांगला माल फेकलासा? घोड्याच्या शेपटीचा केस हाय. पिळून उकळत्यात, मंग असा कुरळा हुतोय. साहेबांच्या गाद्यांत हेच भरत्यात." त्यानं एक केस ओढून सरळ केला आणि आपल्या घोड्याच्या शेपटीला लावून दाखवला.

द्वारकाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं सगळे केस वेचून आणले, धुतले, उन्हात वाळवले. आत पुन्हा भरले, वर मांजरपाट, त्याच्यावर ठेवणीतल्या लुगड्याचा पदर फाडून ताणला आणि दगडानं चुका ठोकल्या. पहिली खुर्ची डोक्यावर घेऊन ती सारजाच्या दारात गेली आणि तिच्या पायांवर पडली.

"आक्का, चुकलं माजं. बस की हिच्यावर."

सारजा खुर्चीजवळ आली. तिनं तळव्यानं गादी दाबली. कडेकडेनं बोटं फिरवली. वाकून खालनं बघितलं. द्वारकाबाई हे सगळं बघत उभी होती. ही तिचीच रीत होती.

मग सारजानं खुर्ची तिच्याकडं सरकवली.

"आदी तू बस," ती म्हणाली.