नर्मदेला नळाचं पाणी

कांचघरचा चौक मागे पडला तेव्हा क्षमाच्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली होती. हातातली पाण्याची कॅन एका बंद दुकानाच्या ओट्यावर टेकवावी म्हणून ती वाकली.

"ठेवू नको," पुढे चालणारी पद्मजा वळूनही न बघता म्हणाली. "हात बदल. एकदा खाली ठेवली की बोटांना ठेवायचीच चटक लागते."

क्षमानं मुकाट्यानं हात बदलला. माघातली थंडी, नुकतं उजाडलेलं, आणि साठी उलटलेल्या दोन बाया अधारतालहून ग्वारीघाटला, नर्मदेवर, पायी निघालेल्या. क्षमाकडे एक कॅन, पद्मजाच्या दोन्ही हातांत एकेक. खायचं तेल संपलं की घरात उरतात त्या पिवळट कॅना, आपल्याच नळाच्या पाण्यानं तोंडापर्यंत भरलेल्या.

चहाच्या टपरीवाल्याला राहवलं नाही. "अम्मा, पानी तो उधर से भर के लाते हैं. आप उधर ले जा रही हो?"

"तुम चाय में पानी ले जा रहे हो, हमने कुछ बोला?" पद्मजा म्हणाली आणि चालत राहिली.

टपरीवरची माणसं हसली. क्षमालाही हसू आलं, पण तिनं ते पदराआड लपवलं. दर रविवारी हे असंच चालायचं. पद्मजाच्या नवऱ्याला, रामकृष्णभाऊंना, सांभाळायला सकाळी एक बाई येई, तेवढ्या वेळात पद्मजा नर्मदेपर्यंत चालून रिक्षानं परत घरी. सोबत म्हणून त्याच इमारतीतली क्षमा. तिला काय, नर्मदामाईचं दर्शन घडत होतं. पद्मजाला मात्र दर्शनाशी घेणं नव्हतं. तिला रामकृष्णभाऊंना तीन मजले खाली उतरवायचं होतं, आणि त्यासाठी हात हवे होते.

पद्मजाला कधी कुणाचं कौतुक वाटलेलं क्षमाला आठवत नव्हतं. दोघी दीक्षितपुऱ्यातल्या, मराठी शाळेत एका बाकावर बसलेल्या. पद्मजा तेव्हा काडीसारखी. पीटीच्या तासाला बाई दोरीला लटकायला सांगत, तर ही तोंडावर सांगे, "ते माकडांचं काम आहे, माकडं बोलवा." पुढे सरकारी ऑफिसात नोकरी केली, तिथं साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांना एकाच तराजूत तोलून हलकं ठरवलं. बागेत सकाळी हात हलवत फिरणाऱ्यांना ती 'पंखे' म्हणे. क्षमाच्या पूजेलाही तिनं सोडलं नव्हतं. "तुझ्या हातानं जन्मात माळेच्या मण्याहून जड काही उचललं नाही," हे तिचं ठरलेलं. देवानं हिला जीभ देताना काटकसर केली नाही, एवढं क्षमा मनात म्हणे.

नवऱ्याबद्दल तेवढा तिनं माघारी कधी वावगा शब्द काढला नाही. तेही बहुधा त्याच्या तोंडावरच सगळं बोलून होत असे म्हणून.

रामकृष्णभाऊंना लकवा झाला आणि उजवं अंग गेलं. घर तिसऱ्या मजल्यावर, जिना असा अरुंद की समोरून सिलिंडरवाला आला तर आपण परत वर जायचं. डॉक्टरांना दाखवायला खाली न्यायचं ठरलं तेव्हा दिराची दोन मुलं हजर झाली, अनिमेष आणि गौरांग. दोघंही जिममध्ये जाणारे. दंड असे, की बाह्यांनी शिंप्याला शिव्या द्याव्यात. अनिमेष तर व्यायाम कमी करायचा आणि आरशातले फोटो जास्त काढायचा.

"काकू, आप टेन्शन मत लो," तो म्हणाला होता. "हे तर माझं वॉर्मअप आहे."

रामकृष्णभाऊंना खुर्चीत बसवून दोघांनी उचललं. पहिलं वळण झालं. दुसऱ्या वळणावर अनिमेष म्हणाला, "काकू, ग्रिप गई," आणि खरोखरच सोडली. खुर्ची कलंडली, भाऊ पायऱ्यांवरून घसरत गेले. उजव्या खांद्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून परत आणलं तेव्हा चौघांनी चादरीत घालून, गाठोड्यासारखं, वर चढवलं. त्या दिवशी पलंगावर टेकल्यावर भाऊ म्हणाले, "माझं उतरणं आता एकदाच. तेव्हा कसंही न्या, मी बोलणार नाही."

तेव्हापासून खिडकीतून दिसणारी समोरच्या इमारतीची काळी टाकी, हेच त्यांचं जग. आधी दर रविवारी संध्याकाळी ते ग्वारीघाटच्या पायरीवर बसून पाण्यात पाय सोडायचे, भाजलेल्या शेंगा खायचे. क्षमानं एकदा मोठ्या भक्तीनं नर्मदेचं पाणी बाटलीतून नेलं. भाऊंनी बाटलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "क्षमाताई, यात पाय कसे मावतील?"

त्यांचा एक डावा हात तेवढा कामाचा राहिला होता. पलंगाचा लोखंडी दांडा धरून कूस बदलायची, दांडा धरूनच उठून बसायचं. असं करता करता त्या हाताचा सांडसा झाला. मग ज्यानं ज्यानं म्हटलं, "भाऊ, आम्ही नेतो खाली," त्याच्यापुढे ते डावा हात करू लागले. हात द्यायचा, ते दाबणार. ज्यानं हात सोडवून घेतला तो बाद.

अनिमेषनं "अरे बाप रे, काका" म्हणून हात झटकला. "जा, आरसा वाट पाहत असेल," भाऊ म्हणाले. अँब्युलन्सवाले दोघं आले, त्यातला एक तोंडातला गुटखा सांभाळत एकाच हातानं खुर्ची उचलून दाखवत होता. त्याचा दुसरा हात भाऊंनी धरला, तर गुटखा फरशीवर पडला.

पद्मजा दारात उभी राहून हे सगळं मजेत बघत होती. सगळे गेल्यावर तिनं सहज आपला हात पुढे केला. भाऊंनी दाबला. ती किंचाळली.

"तूही," भाऊ म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

क्षमाला हे खुद्द पद्मजानं सांगितलं होतं, आणि सांगताना ती दुसरीकडे बघत होती. आयुष्यभर जगाला जे ऐकवलं ते दोन अक्षरांत परत आलं.

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर तमाशा सुरू झाला. टाकीखालच्या लोखंडी पाइपला पद्मजा लटकू लागली. पहिल्या दिवशी 'राम' म्हणेपर्यंतही टिकली नाही. क्षमा कपडे वाळत घालायच्या निमित्तानं बघायला गेली होती. साडी खोचलेली, पाय अधांतरी, डोळे मिटलेले. वाळत घातलेल्या परकरासारखी ती हलत होती.

"पद्मे, काहून करून राहिली हे? हाडं मोडली तर तुला खाली न्यायला कोण येईल?"

"कोणी येत नाही म्हणूनच तर लटकून राहिली."

मग ओला टॉवेल पिळणं. पिळून झाला की परत भिजवायचा, परत पिळायचा, मनगटं पेटेपर्यंत. विटा नुसत्या बोटांच्या चिमटीत धरून गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. गव्हाची पिशवी छातीशी धरून उठाबशा. आणि सगळ्यात नवलाचं म्हणजे भरलेल्या बादल्या घेऊन जिना उलटा उतरणं. खुर्ची उतरवताना खालच्या माणसाला उलटं चालावं लागतं, वजनही त्याच्याच अंगावर येतं, म्हणून. इमारतीतल्या बायका दाराशी येऊन बघत. "आंटीजी का दिमाग भी उल्टा उतर रहा है क्या?" कुणीतरी म्हणालं. पद्मजा त्यांच्या अंगावरून जाताना फक्त म्हणाली, "सरको. तुमसे तो दरवाजे पे भी टिके बिना खड़ा नहीं हुआ जाता."

क्षमाला खरं तर तिची कीवच आली होती. नवऱ्याचं दुखणं बाईच्या डोक्यात गेलं, असं तिनं देवापुढे बोलूनही दाखवलं. पण पाइपला लटकणं 'राम'वरून एका श्वासावर, मग क्षमाच्या अर्ध्या माळेवर जाऊन पोचलं. तळहातांवर घट्टे आले. आणि गेल्या दिवाळीत पाडव्याला ओवाळून झाल्यावर पद्मजानं पुन्हा हात पुढे केला.

भाऊंनी दाबला. दाबत राहिले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी ती म्हणाली, "संध्याकाळी भाजी काय करू?"

बऱ्याच वेळानं त्यांनी हात सोडला. "वांगी," म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "एक बाजू झाली. दुसरी कोण धरेल?"

ते दुसरं माणूस अजून मिळालं नव्हतं.

सदर बाजारात हातमोजे घातलेली तरुण मुलं पळत त्यांच्या बाजूनं गेली. पद्मजानं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू रस्त्यावर काही सांडलं आहे.

"त्यांना विचार ना," क्षमा म्हणाली. "चांगली धडधाकट आहेत."

"मोजे घालून पळतात. पळायला हातमोजे लागतात, ते खुर्ची काय धरतील?"

"मग माणूस आणशील कुठून? सगळ्यांत खोट काढतेस."

"खोट मी काढत नाही. असते."

"अनिमेषला अजून एकदा—"

"त्याचं नाव घेऊ नको नर्मदेच्या वाटेवर. तू सोवळ्याची ना?"

कॅनच्या कडीनं क्षमाच्या बोटांच्या मुळाशी आग होत होती. रामपूर येईपर्यंत तिनं तीनदा हात बदलला, पण खाली ठेवली नाही. मनातल्या मनात नाम चालू होतं, नाम संपलं की पुन्हा पहिल्यापासून. तिच्या लक्षात आलं, त्या पाडव्यानंतर लगेचच पद्मजानं तिच्या हातात पहिल्यांदा एक पाण्याची बाटली दिली होती. "जरा धर." मग दोन बाटल्यांची पिशवी. मग अर्धी कॅन, "आज माझा हात दुखून राहिला." आज पूर्ण भरलेली. पद्मजाचा हात दुखतो यावर आपण विश्वास कसा ठेवला, याचं तिला नवल वाटलं.

घाटावर गर्दी होती. पुजारी, फुलवाल्या, पाण्यात उतरून ओरडणारी पोरं. पद्मजा एकेक पायरी वरून खाली बघत होती, कुठे शेवाळ आहे, कुठे दगड हलतो, खुर्ची कुठल्या पायरीवर टेकता येईल.

"हे नळाचं माईत ओतू नको," क्षमा म्हणाली.

"एवढी अडाणी नाही मी." पद्मजानं तिन्ही कॅना वर पिंपळाच्या मुळाशी रिकाम्या केल्या. क्षमानं पाण्यात उतरून हात जोडले, अंगावर पाणी घेतलं, दिवा सोडला. रामकृष्णभाऊंच्या नावानं एक वेगळा सोडला, पण ते बोलली नाही. बोलली असती तर ऐकावं लागलं असतं.

ती वर येऊन बसली तेव्हा पद्मजा शेंगा सोलत होती. सोललेल्या शेंगा पुढे केल्या. क्षमानं हात पसरला, तर पद्मजानं शेंगा दिल्याच नाहीत. तिनं तो हात उलटसुलट करून पाहिला, बोटांच्या मुळाशी आलेल्या कडक घट्ट्यांवरून अंगठा फिरवला, जोरात दाबला.

"दुखतं?"

"नाही," क्षमा म्हणाली. मग तिला समजलं. "पद्मे, मी? माझ्याच्यानं ताट उचलवत नाही म्हणायचीस तू."

"म्हणायची. अजूनही तू काही फार नाहीस." पद्मजानं शेंगा तिच्या तळहातावर ओतल्या. "वरची बाजू हलकी असते. तेवढं तुला जमेल."

क्षमा नदीकडे बघत राहिली. तिचे दोन्ही दिवे एकमेकांजवळून वाहत पुढे गेले होते.

"उद्या दुपारी चहाला ये," पद्मजा म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "तो डावा हात पुढे करेल. तू तुझा दे. तो दाबेल, जीव जाईस्तोवर दाबेल. तुझं ते नाम घ्यायचं तर घे, रडायचं तर रड. पण क्षमे, हात काढून घेऊ नको."