अल खौदच्या गल्लीतली मिरवणूक

आई गेली त्या वर्षी मी बाबांना नागपूरहून मस्कतला आमच्या घरी आणलं. ते फारसं बोलत नसत. ओमानच्या राष्ट्रीय दिनाला अल खौदमधल्या आमच्या गल्लीतून मिरवणूक निघते, ती दाखवायला मुलीने त्यांना हाताला धरून फाटकाशी नेलं. झेंडे लावलेल्या गाड्या गेल्या आणि मागून ढोलाच्या तालावर हातातल्या काठ्या नाचवत पुरुष आले. त्यांच्यातल्या आमच्या म्हाताऱ्या ओमानी शेजाऱ्यांनी बाबांना पाहिलं आणि "यल्ला, यल्ला!" म्हणत आपली काठी त्यांच्या हातात दिली. मी घाबरलो. बाबा मात्र रांगेत शिरले आणि चक्क लेझमीची पावलं टाकू लागले.

"आजोबा, तुम्हाला डान्स येतो?" मुलगी ओरडली.

"आमच्या वस्तीत जयंतीच्या मिरवणुकीला मी पहिल्या रांगेत असायचो," ते धापा टाकत म्हणाले. "तुझी आजी गच्चीवरून बघायची."

मला हे कधीच माहीत नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी स्वतःहून चहा मागितला आणि आईबद्दल पहिल्यांदाच भरभरून बोलले.

आता बाबाही नाहीत. गल्लीत ढोल वाजला की मी हातातलं काम टाकून बाहेर जातो.