खड्डा बुजवणारा चोर

ती तक्रार आठवली की आजही मला हसू येतं. लंडनच्या पोलीस दलात उभी हयात गेली. घरफोड्या झाल्या, मारामाऱ्या झाल्या, खुनाचे तपासही झाले. पण चार मराठी माणसांत बसलो की फर्माईश एकच, "साहेब, ती पाटीची केस सांगा." म्हणून एकदाची लिहूनच काढतो. नावं मात्र कोणाचीच देणार नाही.

दोन हजारच्या दशकातली मधली वर्षं होती ती. मी सार्जंट होतो आणि पिनर माझ्या हद्दीत येत असे. पिनर म्हणजे शांत वस्ती. सकाळच्या ब्रीफिंगला आमच्याकडे काय यायचं, तर गाडीची फुटलेली काच, कुंपणावरून शेजाऱ्यांची जुंपलेली भांडणं, फार तर कोणाचं हरवलेलं मांजर. एका सोमवारी माझ्या कॉन्स्टेबलने, म्हणजे यॉर्कशरच्या एका उंच, गंभीर चेहऱ्याच्या गड्याने, वर्दी दिली: एका घरासमोर लावलेली 'घर विकणे आहे'ची पाटी खांबासकट चोरीला गेली आहे. एकदा नव्हे, तीनदा. आणि तक्रारदार बाईंना मराठी बोलणाराच पोलीस हवा आहे.

ठाण्यात हशा पिकला. मराठी बोलणारा पोलीस मी सोडून दुसरा होता कोण? आम्ही अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमच्या घरात प्रार्थना हिब्रूत आणि भांडणं मराठीत. मुंबईत कॉलेज करून मी इकडे आलो आणि इकडचाच झालो, पण आईने मराठी काही सुटू दिली नाही. तेव्हा पाटीचा तपास आपसूकच माझ्या गळ्यात पडला.

दार उघडलं ते तक्रारदार बाईंनी; त्यांना मी काकूच म्हणतो. साठीच्या, ठसठशीत, डोळ्यांत मिश्कील चमक. माझ्या कॉन्स्टेबलशी त्या असं काही इंग्रजी बोलल्या की तो बिचारा सावरून उभा राहिला. इथल्या ग्रंथालयात त्यांची नोकरी झाली होती. मग मराठी पोलीस कशाला हवा होता, असं माझ्या मनात येऊन गेलं. म्हटलं, असेल मायबोलीची हौस.

काका, म्हणजे त्यांचे यजमान, हे निवृत्त इंजिनिअर. थायलंडला जाऊन राहायचं हे त्यांचं जुनं स्वप्न. आपल्या मराठी मंडळात गणपतीला, कोजागिरीला, जिथे संधी मिळेल तिथे ते त्यावर भाषण ठोकत. पट्टाया का नको, चिआंग मायला वसंतात शेतं जाळतात त्याचा धूर कसा असतो, बँकॉकमध्ये हॉस्पिटलं उत्तम पण गर्दी किती, आणि या सगळ्याला उतारा म्हणजे समुद्रकाठचं हुआ हिन. बाजार पायाशी, बँकॉकला आगगाडी, हवा वर्षभर आपल्या कोकणासारखी. शेवटी नवराबायको जानेवारीत जाऊन पाहूनही आले आणि एका नव्या इमारतीत नवव्या मजल्यावरचा फ्लॅट ठरवून आले. बिल्डरने गणपतीपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. तोवर पिनरचं घर विकलं गेलं तर फ्लॅट त्यांचा, नाहीतर दुसऱ्याचा.

हौस काकांची असली तरी गरज काकूंची होती. थंडी पडली की त्यांची बोटं पांढरी पडत, वाकत नसत. डॉक्टरांनी उबदार देशात राहा असं सांगितलं होतं. काकूंनी मला हात पुढे करून दाखवले आणि म्हणाल्या, "दिवाळीत करंजीला मुरड घालता येत नाही हो मला. काट्याने दाबते, फॅक्टरीतल्यासारखी. हुआ हिनला दुसऱ्याच दिवशी मी सुईत दोरा ओवला."

असं सगळं असताना घरासमोर पाटीच टिकत नव्हती. गिऱ्हाईक रस्त्यावरून जाताना पाटी पाहूनच आत येतं, असं घर विकून देणाऱ्या एजंटचं म्हणणं. तो तर रडकुंडीला आला होता.

मी पुढच्या बागेत गेलो. भारतात ज्याला पंचनामा म्हणतात तसा प्रकार उरकला. खांब जिथे रोवला होता तिथे खड्डा असायला हवा होता. तो नव्हता. माती भरून, नीट दाबून, वर हिरवळीचा तुकडा पुन्हा बसवलेला होता. मला ते तिथेच खटकलं. पण खटकणं म्हणजे पुरावा नव्हे, आणि तपासाची एक ठरलेली वाट असते.

या धंद्यातले प्रतिस्पर्धी एकमेकांच्या पाट्या उपटतात, हे आम्हा पोलिसांना चांगलं ठाऊक. तेव्हा पहिला संशयित म्हणजे हाय स्ट्रीटवरचा, मुख्य बाजाररस्त्यावरचा, दुसरा एजंट. त्याला मी काही विशेष विचारलंही नाही. नुसता समोर बसलो, टोपी टेबलावर ठेवली आणि कॉन्स्टेबलने पेन उघडलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं. तो घाम पुसत पलीकडच्या गल्लीतल्या दोन पाट्यांची कबुली देऊन मोकळा झाला. पण काकूंच्या पाटीला हात लावला नाही, असं शपथेवर सांगत राहिला आणि मला ते खरं वाटलं. एक गुन्हा शोधायला गेलो आणि भलताच उघडकीला आला. कॉन्स्टेबल परतीच्या वाटेवर पहिल्यांदा हसला.

चौथी पाटी लागली. दोन दिवस टिकली आणि गेली. काकूंचा फोन आला तो तक्रारीचा कमी आणि बातमी सांगण्याचाच जास्त वाटला. जाऊन पाहतो तर खड्डा परत बुजवलेला, आणि या खेपेला त्या जागी झेंडूचं रोप लावलेलं. बुंध्याशी पाणीही घातलेलं.

आता सांगा, कुठला चोर खड्डा बुजवून जातो? चोराला पळायची घाई असते. उघडा खड्डा बघून ज्याचा जीव राहत नाही असा माणूस वेगळा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणत मी घराची बेल वाजवली.

चौकशीचा माझा एक नियम होता. ज्या गोष्टीसाठी आलो ती सोडून बाकी सगळं विचारायचं. काकूंनी चहा टाकला. मी काकांना म्हटलं, मलाही निवृत्तीनंतर तिकडे जायचंय, जरा माहिती द्या. काका खुलले. बाजार, हॉस्पिटल, व्हिसा, आगगाडी, सगळं घडाघडा, पाढे म्हणावेत तसं. मी मधेच विचारलं, "आणि बाग?"

काका थांबले. मग म्हणाले, फ्लॅटला बाल्कनी आहे. परदेशी माणसाच्या नावावर तिथे जमीन होत नाही, फ्लॅट तेवढा होतो. बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मी विचारलं, इथे भाजीबिजी लावता का? तर कौन्सिलची अलॉटमेंट आहे म्हणाले. अलॉटमेंट म्हणजे भाजी पिकवायला कौन्सिल भाड्याने देते तो जमिनीचा तुकडा. मी म्हटलं, चला, दाखवा की.

"आज नको, चिखल असेल," काका म्हणाले.

आठवडाभर पावसाचा थेंब नव्हता. मी म्हटलं, माझे बूट सरकारी आहेत, चिखलाला भीत नाहीत. स्वयंपाकघरात कपबश्यांचा आवाज एकाएकी थांबला, एवढं माझ्या ध्यानात आलं.

अलॉटमेंट बघून मी खरंच थक्क झालो. मेथीचे वाफे, आंबट चुका, अळू, मिरच्या, प्लास्टिकच्या घुमटाखाली दुधी. इंग्लंडच्या थंडगार मातीत या गृहस्थाने आख्खी मंडई उभी केली होती. आणि मधोमध घेवड्याचा मांडव, शेंगांनी लगडलेला. त्याला चार खांब होते, चौकोनी, रंधा मारलेले, पांढऱ्या रंगाचे; चौथ्याच्या बुडाशी माती अजून ताजी. बाजूच्या खताच्या ढिगावर फळ्यांचं झाकण होतं. मी एक फळी उलटी केली. एजंटची अक्षरं खताच्या वाफेत राहून सुद्धा लखलखत होती.

मुद्देमाल सापडला. मी फळी होती तशी परत ठेवली. काका पालथ्या बादलीवर बसले आणि हाताला लागलेली माती चोळत राहिले.

"या तुकड्यासाठी कौन्सिलच्या वेटिंग लिस्टवर माझे केस पांढरे झाले," ते म्हणाले. "वडिलांनी गावची जमीन विकून मला शिकवलं. इतक्या वर्षांनी पायाखाली माती आली. आणि तिकडे घेतोय काय, तर नवव्या मजल्यावरची हवा. मंडळात बढाया मारताना नाही कळलं. सही करताना कळलं."

"मग काकूंना सांगायचं."

"कुठल्या तोंडाने? तिची बोटं पाहिलीत ना तुम्ही? तिला काय सांगू, की तुझ्या बोटांपेक्षा मला हा घेवडा..." ते रडत होते. मी वर्दीत होतो, तरी दुसरी बादली पालथी घालून शेजारी बसलो.

म्हटलं, "काका, पाट्यांचं मी बघतो. हे मात्र तुम्हाला घरी जाऊन सांगावं लागेल, आणि आजच."

घरी ते जे बोलले ते मी लिहीत नाही, ते त्यांचं आहे. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग उठल्या, आतून एक फोटो घेऊन आल्या आणि काकांपुढे ठेवला. हुआ हिनच्या मागच्या गल्लीतलं एक बैठं घर, पुढे केळी, मागे मोकळं अंगण. भाड्याचं. मालकीणबाईंना काकूंनी जानेवारीतच तोडक्यामोडक्या थाईत विचारून ठेवलं होतं, अंगणात भाजी लावली तर चालेल का? हवं ते लावा, असं त्या म्हणाल्या होत्या.

"विकत घ्यायची घाई कोणाला होती?" काकू म्हणाल्या. "तुम्हालाच. आधी भाड्याने राहून बघू, असं मी म्हणाले असते, पण तुमच्या भाषणातून बोलायला जागाच नव्हती."

एवढं सुतकी तोंड करून बसलेले काका त्यावर असे काही हसले की मलाही आवरेना. तिथल्या तिथे ठरलं. हिवाळा हुआ हिनला, उन्हाळा पिनरला. फ्लॅट रद्द, घराची विक्री रद्द. काकांनी चारही पाट्या धुऊनपुसून एजंटकडे पोचवल्या, सोबत पिशवीभर घेवडा. मालकच चोर निघालेली केस त्याने जन्मात पाहिली नव्हती. त्याने हसत सोडून दिलं आणि काकूंनी तक्रार मागे घेतली. मी नोंदीत लिहिलं: मालमत्ता हस्तगत, पुढील कारवाई नाही. दिवाळीआधी दोघं निघाले तेव्हा घर रिकामं वाटू नये म्हणून त्यांच्या बंद घरातल्या दिव्याला टायमर मीच लावून दिला.

एप्रिलमध्ये फोन आला, चहाला ये. हो, आता मी 'अहो साहेब'चा 'अरे' झालो होतो. काका अर्थातच अलॉटमेंटवर होते. काकूंनी डबा उघडून पुढे केला. निघायच्या आदल्या दिवशी तिकडे केलेल्या करंज्या. प्रत्येकीला बारीक, एकसारखी मुरड.

खाता खाता मी मनात राहून गेलेला प्रश्न विचारला. "काकू, तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं ना?"

"खड्डा बुजवलेला बघितला तेव्हाच," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं संसार केलाय. पण मी विचारलं असतं तर ते नाहीच म्हणाले असते. माझ्या हातांकडे बघून तर नक्कीच."

"मग पोलीस कशाला, आणि तोही मराठी?"

पोलिसाच्या नोकरीने मला माणसं बोलती करायला शिकवलं होतं. माणसाला खरं बोलतं करणारा प्रश्न कोणत्या भाषेत विचारायचा, हे त्या बाईने मला शिकवलं. त्यांनी आणखी एक करंजी माझ्या बशीत ठेवली आणि म्हणाल्या, "इंग्रज पोलीस आला असता तर ते दोन मिनिटांत सॉरी म्हणून मोकळे झाले असते रे. मला ते रडायला हवे होते."