खडकीचा ठिपका

प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक उशिरा पोचले. बुधवार पेठेतून आमच्या कर्वेनगरच्या कॉलेजात यायला दोन तास लागले, म्हणून ते रस्त्यातल्या खोदकामाच्या नावानं खडे फोडत होते. तोवर मुलं लॅबबाहेर ताटकळली होती, त्याचं काही नाही. मी इथं संख्याशास्त्र शिकवते; मुलांना आत घेतलं.

वर्गातल्या प्रत्येकाच्या घराचं कॉलेजपासूनचं अंतर आणि पोचायला लागणारा वेळ, एवढाच डेटा होता. खडकीहून दोन बस बदलून येणाऱ्या मुलीनं कमांड टाइप केली आणि स्क्रीनवर स्कॅटरप्लॉट उमटला: आडवं अंतर, उभा वेळ, प्रत्येकाचा एक ठिपका. सगळे ठिपके शहाण्यासारखे तिरक्या रेषेत चढत गेले होते. एकच ठिपका पार वर, एकटा.

"हा काढून टाका," परीक्षक म्हणाले. "चुकीचा आहे. इतका वेळ कोणाला लागतो?"

"सर, ती मी आहे."

"असाल. आलेख बिघडतोय."

ती मुकाट्यानं तो ठिपका काढायची कमांड लिहायला लागली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दरवर्षी हेच चालतं. रेषा सुबक दिसावी म्हणून माणूस खोडायला लावायचा आणि त्याबद्दल त्यालाच पैकीच्या पैकी मार्क द्यायचे.

"थांब," मी तिला म्हणाले. "काही काढू नकोस. डेटात अजून एक ओळ घाल. बुधवार पेठेचं अंतर, आणि वेळ दोन तास."

तिनं तीच कमांड पुन्हा चालवली. नवा ठिपका तिच्याही वर जाऊन बसला.

"अहो सर," मी विचारलं, "आता यातला कोणता काढायचा?"